वनस्पतींतील संयुगे, आतड्यांतील जिवाणू आणि लठ्ठपणातून येणारा मधुमेह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारुहळदीच्या कॅप्सूलपासून शिळ्या भातापर्यंत आणि अक्करमान्सिया या जिवाणूच्या गोळ्यांपासून गुळवेलीच्या काढ्यापर्यंत वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. तोच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून गरज असेल तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. येथे ‘मधुमेह’ म्हणजे टाइप २ मधुमेह असे धरले आहे. टाइप १ किंवा गर्भारपणातील मधुमेह असलेल्यांनी प्रश्न १८ आधी वाचावा.

१. आतड्यांतले जिवाणू आणि रक्तातली साखर यांचा संबंध तरी काय?

संबंध मुख्यतः तीन वाटांनी येतो. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपियोनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे, आणि ही मेदाम्ले आतड्यातील विशिष्ट पेशींना जीएलपी-१ हे संप्रेरक सोडायला लावतात, ज्यामुळे जेवणानंतर इन्सुलिन वेळेवर स्रवते आणि भूक आटोक्यात राहते. दुसरी वाट पित्ताम्लांची आहे: यकृताने पाठवलेल्या पित्ताम्लांचे रूप जिवाणू बदलतात, आणि ही बदललेली रूपे शरीराला साखर व चरबी यांच्या हाताळणीबाबत संदेश देतात. तिसरी वाट सूजेची आहे. बेल्जियममधील पॅट्रिस कानी यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरांवर दाखवले की अतिस्निग्ध आहाराने काही जिवाणूंच्या आवरणातील विषारी अंश रक्तात अधिक प्रमाणात झिरपतो आणि त्यातून मंद पण सततची सूज व इन्सुलिन-रोध, म्हणजे इन्सुलिनला शरीराचा अपुरा प्रतिसाद, निर्माण होतो.

माणसातील पुरावा मात्र जपून वाचायला हवा. लठ्ठ उंदरांचे जिवाणू जंतुविरहित उंदरांच्या पोटात सोडले की त्यांची चरबी अधिक वाढते, हे अमेरिकेतील सेंट लुईस येथील प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवले आणि तेव्हापासून या विषयाचा गाजावाजा सुरू झाला. ॲम्स्टरडॅम येथे २०१२ मध्ये सडपातळ दात्यांची विष्ठा चयापचय बिघडलेल्या पुरुषांच्या आतड्यात सोडली, तेव्हा सहा आठवड्यांनी त्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुधारली. वजन मात्र घटले नाही. त्याच गटाच्या २०१७ मधील पुढील अभ्यासात ही सुधारणा अठराव्या आठवड्यापर्यंत टिकलेली नव्हती. जिवाणूंचा वाटा खरा आहे, पण तो अनेक वाट्यांपैकी एक आहे.

२. माझे वजन फारसे नाही. मग ‘लठ्ठपणातला मधुमेह’ मला कसा लागू होईल?

वजनकाटा भारतीय शरीराबद्दल अपुरी माहिती देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून बारीक आणि आतून स्निग्ध अशी ही ठेवण आपल्याकडे सर्रास आढळते, आणि पोटातील अवयवांभोवती व यकृतात साठलेली चरबीच इन्सुलिन-रोधाला अधिक जबाबदार असते. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जादा वजन धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास तपासणी करून घ्यायला सांगतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आला, आणि सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले.

३. ‘वनस्पतींतील संयुगे’ म्हणजे नेमके काय काय?

या नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांना एकाच मापाने मोजणे हीच पहिली चूक असते. डाळिंब, जांभूळ, चहा आणि द्राक्षाच्या सालीतील तुरट रंगद्रव्ये पॉलिफेनॉल या गटातली. दारुहळदीतील पिवळे कडू बर्बेरीन हे अल्कलॉइड. गुडमारच्या पानांतील जिम्नेमिक आम्ले सॅपोनिन गटातली, जी जिभेवर गोड चव काही काळ कळू देत नाहीत. मेथीच्या दाण्यातील बुळबुळीत गॅलॅक्टोमॅनन किंवा इसबगोलाचा भुसा हा विरघळणारा चोथा आहे. पहिल्या तीन गटांतील पदार्थ मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि त्यांचा परिणाम औषधासारखा असतो. चोथा ग्रॅममध्ये मोजतात आणि तो अन्न म्हणून काम करतो. पुराव्याची ताकद आणि जोखीम या दोन्ही बाबतींत हा फरक शेवटपर्यंत उपयोगी पडतो.

४. ही संयुगे रक्तात जवळजवळ पोचतच नाहीत असे वाचले. मग त्यांचा परिणाम होतो तरी कसा?

वाचलेले खरे आहे. बहुतेक पॉलिफेनॉल लहान आतड्यात शोषली जात नाहीत आणि तशीच मोठ्या आतड्यात उतरतात. बर्बेरीनचे प्राण्यांत मोजलेले शोषण एक टक्क्याच्याही खाली भरते. अनेक वर्षे औषधशास्त्रज्ञांनी यावरून असा निष्कर्ष काढला की हे पदार्थ काचेच्या नळीत कितीही प्रभावी दिसले तरी शरीरात निरुपयोगी असणार. पण परिणाम व्हायचे ठिकाण रक्तच असले पाहिजे, हे गृहीतच चुकीचे होते.

यात दोन गोष्टी घडतात. पहिली अशी की जिवाणू त्या संयुगाचे रूपांतर करतात. बीजिंगच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की आतड्यातील जिवाणूंची विकरे बर्बेरीनचे डायहायड्रोबर्बेरीन बनवतात. हे रूप प्राण्यांमध्ये सुमारे पाचपट अधिक शोषले जाते आणि आतड्याच्या भिंतीत शिरल्यावर पुन्हा बर्बेरीन होते. डाळिंबातील एलाजिटॅनिनपासून जिवाणू युरोलिथिन बनवतात, सोयाबीनमधील डेडझीनपासून इक्वॉल बनवतात. खरे काम पुष्कळदा या दुसऱ्या पिढीच्या रेणूंचे असते.

दुसरी गोष्ट उलट दिशेने घडते: संयुग जिवाणूंनाच बदलते. काहींची वाढ रोखते, काहींना वाव देते, आणि त्यातून पित्ताम्ले, मेदाम्ले व आतड्याचे अस्तर यांच्यावर परिणाम होतो. द्राक्ष आणि क्रॅनबेरी यांच्या पॉलिफेनॉलने अतिस्निग्ध आहारावरील उंदरांच्या आतड्यात अक्करमान्सिया या जिवाणूचे प्रमाण पुष्कळ वाढले आणि त्यांची साखर सुधारली, असे दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवले आहे. उंदरांत हे परिणाम ठळक दिसतात. माणसांत ते बहुधा त्याहून बरेच लहान निघतात, कारण उंदराला वजनाच्या प्रमाणात दिलेली मात्रा माणसाला जेवणातून घेणे शक्य नसते.

५. बर्बेरीनने साखर खरोखर कमी होते का? माणसांवर चाचण्या झाल्या आहेत का?

होते, आणि या यादीतील एकेकट्या संयुगांपैकी सर्वांत भक्कम पुरावा त्याचाच आहे. चीनमध्ये ते जुलाबावरचे स्वस्त औषध म्हणून वापरात होते. जुलाब झालेल्या मधुमेहींची साखर त्याने उतरते, ही नोंद तेथील डॉक्टरांनी १९८८ मध्ये केली. २००८ मधील एका लहान चाचणीत नव्याने निदान झालेल्या रुग्णांना दिवसातून तीनदा ५०० मिलिग्रॅम दिल्यावर तीन महिन्यांत एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ९.५ वरून ७.५ टक्क्यांवर आले, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीच्या जवळपास. ३६ जणांची ही चाचणी फार लहान होती.

मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. चीनमधील २० केंद्रांवरील ४०९ नवनिदानित रुग्णांचे चार गट केले गेले आणि त्यांना बारा आठवडे बर्बेरीन, प्रोबायोटिक (उपयोगी मानलेले जिवंत जिवाणू), दोन्ही किंवा नुसते प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) दिले गेले. एचबीए१सीमधील घट बर्बेरीन गटात ०.९९, दोन्ही घेणाऱ्यांत १.०४, नुसत्या प्रोबायोटिक गटात ०.५३ आणि प्लासिबो गटात ०.५९ टक्के अंक इतकी होती. प्लासिबोनेही अर्ध्या अंकाहून अधिक घट झाली, हे विसरू नये. बर्बेरीनचा स्वतःचा वाटा साधारण ०.४ अंकाचा. कोणत्याही कॅप्सूलच्या जाहिरातीत ‘एक अंक कमी’ असे लिहिलेले दिसले तर हा हिशेब आठवावा.

याच चाचणीत परिणामाची वाटही शोधली गेली. रुमिनोकोकस ब्रोमाय हा जिवाणू पित्ताम्लांचे डीऑक्सिकोलिक आम्लात रूपांतर करण्यात भाग घेतो आणि बर्बेरीन त्याला आळा घालते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. मात्र सर्वच सहभागींना सुरुवातीला आठवडाभर जेंटामायसिन हे अँटिबायोटिक दिले होते, त्यामुळे हेच आकडे तसे न करता घरी गोळी घेणाऱ्याला लागू होतील असे मानता येत नाही. बर्बेरीन घेणाऱ्यांत बद्धकोष्ठ, जुलाब, पोट फुगणे असे त्रास जास्त आढळतात.

६. मग बर्बेरीन म्हणजे ‘निसर्गाचे ओझेम्पिक’ म्हणायचे का?

नाही. ओझेम्पिक या मधुमेहाच्या इंजेक्शनमधील सेमाग्लुटाइडच्या वजन घटवण्याच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. बर्बेरीनने उतरणारे वजन सामान्यतः दोनचार किलोच्या आसपास राहते. दोघांची कामाची पद्धतही वेगळी आहे. हे नाव विक्रेत्यांनी लोकप्रिय केले आहे.

७. मेटफॉर्मिन वनस्पतीपासून आले म्हणतात. मग तेही ‘नैसर्गिक’च नाही का?

त्याचे मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपातील झुडपात आहे. या झुडपातील गॅलेजीन साखर कमी करते, पण ते विषारी आहे आणि त्याने गुरे दगावतात. रसायनशास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये डब्लिन येथे त्याचाच एक सौम्य नातलग रेणू प्रयोगशाळेत बनवला, आणि पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये तो मधुमेहींना दिल्याचे निष्कर्ष छापले. वनस्पती, तिच्यातला धोका, रेणूतील दुरुस्ती, मात्रेची निश्चिती आणि मग दशकानुदशके चाचण्या, असा हा प्रवास आहे. ‘औषधे रासायनिक आणि पाला नैसर्गिक’ अशी विभागणी करणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

या विषयाशी त्याचे दुसरे नाते अधिक रंजक आहे. २०१७ मध्ये युरोपातील संशोधकांनी नव्याने निदान झालेल्या रुग्णांना चार महिने मेटफॉर्मिन दिले, त्यांची विष्ठा उपचारापूर्वी व नंतर जंतुविरहित उंदरांत सोडली, आणि नंतरच्या विष्ठेने उंदरांची साखर हाताळण्याची क्षमता सुधारली. म्हणजे मेटफॉर्मिनचा काही परिणाम जिवाणूंमार्फतच होतो. त्याआधी २०१५ मध्ये असेही उघड झाले होते की ‘मधुमेहींचे जिवाणू’ म्हणून दाखवले गेलेले कित्येक फरक वास्तविक मधुमेहाचे नसून मेटफॉर्मिनचे होते. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: हे औषध दीर्घकाळ घेतल्यास ब१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि आपल्याकडे ते अनेकांत आधीच कमी असते; वर्षातून एकदा तपासून घ्यावे.

८. सगळ्यात खात्रीचा उपाय कोणता मानता?

चोथा. तो बाटलीत मिळत नाही आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही, पण आमचे मत विचाराल तर संयुगांच्या साऱ्या चर्चेत याच्याइतका टिकाऊ पुरावा दुसऱ्या कशाचा नाही. शांघायच्या झाओ लिपिंग यांच्या गटाने २०१८ मध्ये ४३ मधुमेहींवर १२ आठवड्यांची चाचणी केली. दोन्ही गटांना ॲकार्बोज हे औषध होते. एका गटाला नेहमीचा पथ्याचा सल्ला, दुसऱ्याला अख्खी धान्ये, पारंपरिक चिनी खाद्य-वनस्पती आणि प्रीबायोटिक (जिवाणूंना पोसणारे घटक) यांचा चोथ्याने भरलेला आहार. एचबीए१सी ७ टक्क्यांखाली आलेल्यांचे प्रमाण चोथ्याच्या गटात ८९ टक्के, तर दुसऱ्यात ५० टक्के होते. या आहाराने मेदाम्ले बनवणाऱ्या १५ जिवाणू-वाणांची वाढ झाली, आणि ते जितके वाढले तितकी सुधारणा चांगली होती.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम चोथा सुचवते. ज्वारी-बाजरीची न चाळलेल्या पिठाची भाकरी, उसळ, सालीसकट डाळी, पालेभाजी, गवार, शेवग्याच्या शेंगा, एखादे फळ असे जेवण असल्यास तो आकडा गाठणे कठीण नाही. मैद्याची बिस्किटे आणि पांढरा पाव यांवर दिवस काढणाऱ्याला तो गाठता येत नाही. चोथा एकदम दुप्पट केल्यास वात धरतो आणि पोट फुगते. दर आठवड्याला थोडा वाढवावा, पाणी वाढवावे आणि दोनतीन आठवडे धीर धरावा.

९. शिळा भात खाल्ल्याने साखर कमी वाढते, हे खरे का?

थोड्या प्रमाणात खरे आहे. शिजलेला भात थंड झाला की त्यातील काही पिष्ट न पचणाऱ्या रूपात जाते आणि ते मोठ्या आतड्यातील जिवाणूंपर्यंत पोचते. मात्र ज्या अभ्यासाच्या बातम्या फिरतात त्यात, म्हणजे २०२४ मधील शांघायच्या अभ्यासात, ३७ जणांना रोज ४० ग्रॅम प्रतिरोधी पिष्ट मक्यापासून बनवलेल्या भुकटीतून दिले होते आणि आठ आठवड्यांत सरासरी २.८ किलो वजन घटले. वाटीभर शिळ्या भातातून याचा लहानसा अंशच मिळतो. भात शिजल्यावर तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात असे जिवाणू वाढतात ज्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. गंमत अशी की प्रतिरोधी पिष्ट फोडण्यात जो जिवाणू अग्रेसर मानला जातो, तोच रुमिनोकोकस ब्रोमाय प्रश्न ५ मध्ये खलनायक म्हणून आला आहे.

१०. मेथी, कारले, जांभळाची बी, दालचिनी: यांपैकी काय घ्यावे?

चौघांचा पुरावा सारखा नाही. मेथीच्या बाजूने बरेच म्हणता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९८० च्या दशकापासून तिच्यावर काम झाले, आणि भिजवलेल्या किंवा दळलेल्या दाण्यांतील गॅलॅक्टोमॅनन जेवणातील साखर हळू शोषू देते, हे पटण्याजोगे आहे. त्यासाठी दाणे पुरेसे, म्हणजे रोज काही चमचे, लागतात; फोडणीतल्या चिमूटभर मेथीने काही होत नाही आणि दाणे गाळून फेकून नुसते पाणी पिणाऱ्याने चोथाच फेकलेला असतो. कारल्याची आणि दालचिनीची जी नियंत्रित चाचण्यांची छाननी कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय गटाने २०१२ मध्ये केली, तिचा निष्कर्ष दोन्ही बाबतींत ‘पुरावा अपुरा’ असाच निघाला. कारल्याची भाजी अवश्य खावी, ती भाजी म्हणून उत्तम आहे. जांभळाच्या बियांवर प्राण्यांतले प्रयोग पुष्कळ आणि माणसांतल्या चांगल्या चाचण्या थोड्या आहेत. बाजारातील जाड सालीच्या कॅसिया दालचिनीत कुमारिन असते, आणि चमचे भरून रोज घेतल्यास ते यकृताला त्रासदायक ठरू शकते.

११. हळद तर आपण रोज खातो. कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेतल्यास अधिक फायदा होईल का?

आमटीतल्या हळदीबद्दल कोणतीच शंका नाही. कॅप्सूलची गोष्ट निराळी आहे. कर्क्युमिन फारच कमी शोषले जाते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम मिरीतील पायपरीन दिल्यास माणसात त्याची उपलब्धता २० पटींनी वाढते. तेव्हापासून मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलचा सुळसुळाट झाला. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत आणि इटलीत अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी झाल्या, त्यात पायपरीनयुक्त उत्पादने वारंवार आढळली. शिवाय कर्क्युमिनचे काम जर आतड्यातच होत असेल (प्रश्न ४), तर ते रक्तात ढकलण्याचा अट्टहास कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

१२. अक्करमान्सियाच्या गोळ्या आल्या आहेत. त्या घ्याव्यात का?

अक्करमान्सिया म्युसिनिफिला हा आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्म खाऊन राहणारा जिवाणू नेदरलँड्समधील वॅखेनिंगन येथे शोधला गेला आणि २००४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. लठ्ठपणात आणि मधुमेहात तो बहुधा कमी आढळतो. २०१९ मधील बेल्जियमच्या चाचणीत ३२ जणांनी तीन महिन्यांचा उपचार पूर्ण केला. पाश्चरीकरणाने मारलेला जिवाणू जिवंत जिवाणूपेक्षा अधिक उपयोगी ठरला आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद प्लासिबोच्या तुलनेत सुधारला. वजनातील घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरली नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये या मृत रूपाला सुरक्षित ठरवले, ते अन्न म्हणून, मधुमेहाचा उपचार म्हणून नव्हे. ३२ जणांच्या निष्कर्षावर महिन्याला मोठी रक्कम खर्च करणे आम्हांला घाईचे वाटते.

१३. रोज ताक पितो. ते पुरेसे प्रोबायोटिक नाही का?

ताक चांगले अन्न आहे, पण त्यातील लॅक्टोबॅसिलस मोठ्या आतड्यात घर करून राहत नाहीत. जेथे तयार प्रोबायोटिक कॅप्सूलनेही प्लासिबोपेक्षा अधिक घट झाली नाही (प्रश्न ५ मधील आकडे पाहा), तेथे ताकाकडून साखर उतरवण्याची अपेक्षा ठेवू नये. साखर न घातलेले ताक सरबताऐवजी प्यायल्यास फायदा होतो, तो टाळलेल्या साखरेचा.

१४. एकच उपाय शेजाऱ्यांना लागू पडला, मला नाही. असे का?

कारण रूपांतर करणारे जिवाणू सर्वांकडे सारखे नसतात. सोयाबीनपासून इक्वॉल बनवू शकणारे लोक पाश्चात्त्य देशांत साधारण २० ते ३० टक्के आणि पूर्व आशियात ५० ते ६० टक्के आढळतात. बाकीच्यांनी कितीही सोयाबीन खाल्ले तरी इक्वॉल तयार होत नाही. डाळिंबाचेही तसेच: सोलापूरचे उत्तम डाळिंब दोघांनी अर्धे अर्धे खाल्ले तरी एकाच्या आतड्यात युरोलिथिन तयार होते आणि दुसऱ्याच्या आतड्यात होतच नाही, असे घडू शकते. याशिवाय मधुमेह किती जुना आहे, स्वादुपिंडात इन्सुलिन बनवण्याची ताकद किती उरली आहे, सोबत कोणती औषधे चालू आहेत यांवर बरेच ठरते. दहा वर्षांचा मधुमेह आणि काल कळलेला मधुमेह यांची तुलना होऊ शकत नाही.

१५. विष्ठेची तपासणी करून ‘चांगले’ आणि ‘वाईट’ जिवाणू सांगणारी किट उपयोगी आहेत का?

आजच्या घडीला उपचार ठरवण्यासाठी नाहीत. प्रेव्होटेला कोप्रीचे उदाहरण घ्यावे. प्रामुख्याने वनस्पतिज आहार घेणाऱ्या भारतीयांत हा गट भरपूर आढळतो. २०१६ च्या डेन्मार्कमधील अभ्यासात त्याचा संबंध इन्सुलिन-रोधाशी लागला. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमध्ये असे दिसले होते की जवाचा पाव खाल्ल्यावर ज्यांची साखर सुधारली त्यांच्यात प्रेव्होटेला अधिक होते. बहुधा आहारात चोथा आहे की नाही यावर तो कसा वागतो हे अवलंबून असते, आणि एकाच नावाखाली अनेक वेगवेगळे वाण मोडतात हेही आहेच. जे किट युरोपीय किंवा अमेरिकी नमुन्यांवर ‘आदर्श’ ठरवते, ते भाकरी-आमटी खाणाऱ्याला नाहक लाल शेरा देण्याची शक्यता राहते.

१६. डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर हे अर्क घेतले तर चालतील का?

डॉक्टरांना सांगून, आणि पुढील अपवाद ध्यानात ठेवून. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना बर्बेरीन, गुडमार किंवा भरपूर मेथी सुरू केल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणे घरच्यांनाही माहीत असावीत. बर्बेरीन यकृतातील औषधे फोडणाऱ्या विकरांना अडवते, त्यामुळे काही औषधांची रक्तातील पातळी वाढते. मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत सायक्लोस्पोरिनबाबत हे प्रत्यक्ष मोजलेले आहे, आणि कोलेस्टेरॉलवरची काही स्टॅटिन औषधे, रक्तदाबाची काही औषधे यांच्याबाबतही सावधगिरी लागते. इसबगोल आणि मेथी यांचा बुळबुळीतपणा इतर गोळ्यांचे शोषण मंदावतो. थायरॉइडची गोळी आणि हे पदार्थ यांत काही तासांचे अंतर ठेवावे.

१७. काढा, रस, पाला यांनी अपाय होतच नाही, असे घरातील मोठी माणसे म्हणतात.

त्यांना आदरपूर्वक पुढील चार गोष्टी सांगाव्यात. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी केली, आणि पुढे देशभरातील केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली आणि गुळवेलीसारख्याच दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असे म्हटले. पण बाजारातून आणलेली वेल कोणती हे रुग्णालाही ओळखता येत नसेल, तर धोका कमी होत नाही. कोकण-गोव्यात आमटीला लावतात त्या बिंबलांचा रस कोलेस्टेरॉलसाठी भरपूर प्रमाणात प्यायल्याने केरळमध्ये दहा जणांची मूत्रपिंडे ऑक्झलेटमुळे एकाएकी निकामी झाल्याची नोंद आहे. आमटीतल्या एकदोन फोडींना याची भीती नाही. कडू लागणाऱ्या दुधीच्या रसाने जीव गेले आहेत. ‘कडू म्हणजे मधुमेहाला चांगले’ हा समज तेथे घातक ठरतो. दुधीचा तुकडा आधी चाखावा आणि कडू असल्यास फेकावा.

चौथी गोष्ट भेसळीची. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन मिसळलेले अनेक देशांच्या नियामकांना सापडले आहे. चूर्णाने ‘पहिल्याच दिवशी’ साखर उतरली, तर आनंदापेक्षा संशय अधिक योग्य. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियाई आयुर्वेदिक उत्पादनांपैकी ७० पैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. परदेशी राहून गावाकडून चूर्ण मागवणाऱ्यांनी त्याची नोंद घ्यावी. दारुहळदीच्या नावाखाली दक्षिण भारतात एक वेगळीच वेल विकली जाते. तिच्यातही बर्बेरीन असते, पण किती हे पुडीवर लिहिलेले नसते.

१८. टाइप १ मधुमेह, गर्भारपण, स्तनपान: यांत काय वेगळे?

जवळजवळ सर्वच. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन बनवतच नाही. कोणतेही संयुग किंवा जिवाणू त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि काढ्याच्या भरवशावर इन्सुलिन थांबवल्यास काही दिवसांतच जीवावर बेतते. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात बर्बेरीन पूर्णपणे टाळावे, कारण ते नवजात बाळाच्या रक्तातील बिलिरुबिनला प्रथिनांपासून मोकळे करून मेंदूला इजा पोचवू शकते. बाळंतिणीला दिला जाणारा मेथीचा लाडू अन्नाच्या मात्रेत चालतो, पण मधुमेह असल्यास त्यातील गुळाचा हिशेब धरावा. आहारातील चोथ्याचा सल्ला (प्रश्न ८) या सर्वांनाही लागू आहे.

१९. अँटिबायोटिकचा कोर्स झाला. आता सगळे जिवाणू गेले, साखर बिघडेल का?

घाबरण्याचे कारण नाही. नेदरलँड्समधील एका अभ्यासात व्हँकोमायसिनने इन्सुलिनचा प्रतिसाद काहीसा घटला, पण त्याच देशातील २०१६ च्या मोठ्या अभ्यासात ५७ लठ्ठ पुरुषांना आठवडाभर अँटिबायोटिक देऊनही फरक पडला नाही. आजारपणाचा ताण आणि स्टेरॉइड यांनी साखर चढते, ती बहुधा तेवढ्यापुरती. गरजेचा कोर्स पूर्ण करावा आणि विनाकारण घेऊ नये.

२०. साखर आता नॉर्मल येते. गोळ्या बंद करून केवळ अर्कावर राहू का?

स्वतःहून नाही. गोळ्यांशिवाय साखर नॉर्मल राहण्याचा सर्वांत चांगला पुरावा वजन घटवण्याचा आहे: ब्रिटनमधील डायरेक्ट चाचणीत, ज्यांचा मधुमेह सहा वर्षांहून कमी जुना होता त्यांना कमी कॅलरींचा काटेकोर आहार दिल्यावर वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होते, आणि १५ किलो किंवा अधिक घटवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. कोणत्याही अर्काने याच्या जवळपासचे काही दाखवलेले नाही.

२१. मग एखादा उपाय मला लागू पडला की नाही, हे कसे ठरवावे?

एका वेळी एकच बदल करावा आणि तीन महिने तो तसाच ठेवावा, कारण एचबीए१सी साधारण तेवढ्याच काळाची सरासरी दाखवते. सुरू करण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी, यकृताची एसजीपीटी, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि कमरेचा घेर नोंदवावा. दरम्यान डोळे पिवळे होणे, गडद लघवी किंवा अंगाला खाज असे दिसल्यास अर्क त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे. ०.२ किंवा ०.३ अंकाचा फरक तपासणीच्या चढउतारात मोडतो, त्याला यश मानू नये.

एक अपवाद महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. एचबीए१सी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. लोहाची कमतरता असल्यास ती खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, आणि विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागांत अधिक आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये, तसेच नुकतेच रक्त दिले किंवा चढवले असल्यास, ती फसवी येऊ शकते. अशा व्यक्तींनी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहावी किंवा डॉक्टरांना फ्रुक्टोसामीन तपासणीबद्दल विचारावे.